भिलाईचे आजोळ

सेक्टर 2 च्या कोणत्याही गल्लीत विचारा, भिलाईचा कारखाना कोणी उभारला? उत्तर एकच मिळेल: रशियनांनी. 2 फेब्रुवारी 1955 चा भारत-सोव्हिएत करार आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन, एवढा इतिहास इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पण 1957 ते 1959 या उभारणीच्या ऐन काळात इथे सोव्हिएत मुख्य अभियंता असलेले वेन्यामिन दिमशित्स घडले कुठे, हे शोधू लागलो की वाट सायबेरियातल्या कुझ्नेत्स्कला जाते. तिथल्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावर ते 1931 च्या सुमारास तरुण अभियंता म्हणून रुजू झाले. त्या कारखान्याची सल्लागार होती फ्रेन इंजिनिअरिंग, शिकागोची एक अमेरिकन कंपनी. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक ठरलेल्या भिलाईचे आजोळ असे शिकागोत निघते. भट्ट्यांबरोबरच बाहेरचा सल्लागार कसा वापरावा ही रीतही त्याच वाटेने इथे आली, असे माझे म्हणणे आहे.

ही रीत नीट पाहण्यासारखी आहे. सोव्हिएत सरकारने 1926 मध्ये लेनिनग्राडला गिप्रोमेझ ही पोलाद कारखान्यांचे आराखडे करणारी संस्था काढली आणि लगेच फ्रेनच्या अभियंत्यांना तिच्या मदतीला आणले. ते कारखान्याचे मालक नव्हते की व्यवस्थापकही नव्हते. गिप्रोमेझचे लोक त्यांच्याबरोबर बसून नकाशे काढत होते. कुझ्नेत्स्कचे तांत्रिक प्रमुख इव्हान बार्दिन यांनी 1910-11 मध्ये अमेरिकेत गॅरी शहरातल्या पोलाद कारखान्यात काम केले होते. अमेरिकन तज्ज्ञ काय सांगतो आहे आणि काय गाळतो आहे, हे त्यांना कळत होते. तंत्रज्ञान-प्रमुख या पदाचा नवा अवतार मला इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो: भट्टी स्वतः चालवू शकणारा, पण त्याहून मोठे काम म्हणजे विकत घेतलेला सल्ला पारखणारा माणूस. 1932 मध्ये कुझ्नेत्स्कची पहिली भट्टी पेटली. त्याच काळात उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या सोव्हिएत पोलाद कारखान्यात, मॅग्निटोगोर्स्कला, क्लीव्हलंडच्या मकी कंपनीशी खटके उडाले, तेव्हा आराखड्याचा मोठा भाग गिप्रोमेझने स्वतःकडे ओढून घेतला. तीस वर्षांच्या आत हीच गिप्रोमेझ भिलाईची सल्लागार म्हणून भारतात आली.

यावर पहिला आक्षेप सोव्हिएत पोलादाचे अभ्यासक घेतील, आणि तो वजनदार आहे. झोतभट्टीचे रशियन घराणे मिखाईल कुराकोपासून सुरू होते. बार्दिन त्यांचेच शिष्य, आणि कुझ्नेत्स्कला कारखाना व्हावा हे स्वप्नही मूळचे कुराकोंचे. भिलाईच्या भट्ट्यांची आकारमाने पाहिली तर आक्षेपाला बळच मिळते. पहिल्या तीन भट्ट्या प्रत्येकी 1033 घनमीटरच्या, चार ते सहा 1719 च्या आणि सातवी 2000 ची. हे आकडे युद्धोत्तर सोव्हिएत प्रमाणित मालिकेतले आहेत, शिकागोचे नव्हेत. मला हे मान्य आहे. पण त्यातून सिद्ध होते ते भट्टीचे कूळ. सल्ल्याच्या रीतीचे कूळ वेगळे निघू शकते. कुराकोंची विद्या गुरूकडून शिष्याकडे जाणारी होती. मुदतीचा करार, समोरासमोर बसलेले दोन्हीकडचे अभियंते आणि शेवटी पाहुण्याची रवानगी, ही चौकट फ्रेनच्या कराराची आहे, आणि भिलाईत दिसते ती हीच. सोव्हिएत तज्ज्ञाच्या जोडीला भारतीय अभियंता असे, त्याआधी शेकडो अभियंते सोव्हिएत कारखान्यांत शिकून आले होते, आणि भट्ट्या चालू लागल्या तसे तज्ज्ञ टप्प्याटप्प्याने परत गेले.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा, नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा. एम्प्रेस मिलचे मालक जमशेटजी टाटा 1902 मध्ये अमेरिकेला गेले आणि त्यांनी चार्ल्स पेज पेरिन यांना सल्लागार नेमले. पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड चांदा जिल्ह्यात लोहखनिज शोधू लागले, पण तिथे निराशा झाली. मग नागपूरच्या संग्रहालयात दोराबजी टाटांच्या नजरेला मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा पडला. त्यात दुर्गच्या बाजूला गडद रंग होता, आणि त्यामागे प्रमथनाथ बोस यांची पाहणी होती. त्या रंगाचा माग काढत दोराबजी आणि वेल्ड पोचले ते दल्ली-राजहराच्या डोंगरांवर. खनिज उत्तम होते, पण योग्य कोळसा जवळ नव्हता. दरम्यान बोस यांनी 24 फेब्रुवारी 1904 च्या पत्रात मयूरभंजची वाट दाखवली आणि टाटा साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेले. पन्नास वर्षांनी त्याच दल्ली-राजहराच्या खनिजावर भिलाई उभी राहिली. मग सल्लागाराची परंपरा नागपूरचीच का मानू नये? कारण टाटांनी सल्लागार आणला, तरी त्याच्यासमोर बसणारी स्वतःची आराखडा-संस्था उभी केली नाही. साकचीला 1911 मध्ये लोखंड निघाले, पण जहांगीर गांधी हे पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले ते 1938 मध्ये. सरकारी पोलाद क्षेत्राने मात्र भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच 1959 सालात रांचीला केंद्रीय अभियांत्रिकी व आराखडा विभाग काढला. पुढे तोच मेकॉन झाला. हा थेट गिप्रोमेझचा कित्ता, असा माझा ठाम तर्क आहे.

कित्ता अपुरा गिरवला की काय होते, ते बोकारोने दाखवले. तिथे भारतीय सल्लागार हजर होता. मिनू दस्तुर यांच्या कंपनीने बोकारोचा प्रकल्प-अहवाल केला होता. 1963 मध्ये अमेरिकेची मदत बारगळली, सोव्हिएत आले, आराखडा गिप्रोमेझकडे गेला. दस्तुरांनी 1966 मध्ये खर्च कमी करण्याच्या सूचना दिल्या, त्यांतल्या बहुतेक बाजूला पडल्या. ज्ञान देशात होते. पण दोन सल्लागारांपैकी कोणाचे ऐकायचे, हे ठरवण्याइतका अधिकार तांत्रिक प्रमुखाच्या हाती नव्हता. बार्दिनना तो होता, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. आज संगणक-प्रणाली, स्वयंचलन किंवा नवी गिरणी विकत घेणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञान-संचालकाला याच कसोटीवर जोखले पाहिजे.

2018 मध्ये भिलाईत आठवी भट्टी सुरू झाली. तिचे आकारमान 4060 घनमीटर, सोव्हिएत घराण्यातल्या थोरल्या भट्टीच्या दुप्पट. सोव्हिएत तज्ज्ञांशेजारी बसून शिकलेली पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. त्यांच्या प्रशिक्षणाच्या वह्या, हाताने काढलेले नकाशे आणि पत्रव्यवहार सेक्टर 2 च्या क्वार्टरांतून निघून मुलांबरोबर नागपूर-पुण्याच्या घरांतही पोचले असतील. ज्यांच्या माळ्यावर असे कागद आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे सोपवावेत.