पाळीव कुत्र्याचा चांगला फोटो कसा काढावा?

घरात कुत्रा असला की मोबाइलमध्ये त्याचे शेकडो फोटो जमतात. पण दिवाळीत फटाक्यांना घाबरून तो पळून गेला आणि 'हरवला आहे' असा मजकूर तयार करायची वेळ आली, की त्यातला एकही धड कामाचा नसतो. एकात तोंड हललेले असते, दुसऱ्यात डोळे हिरवे चमकतात, तिसऱ्यात काळा कुत्रा म्हणजे नुसता काळा डाग दिसतो. हे दोष टाळण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. ते का येतात हे कळले की साध्या मोबाइलवरही चांगला फोटो निघतो.

कॅमेरा कुत्र्याच्या उंचीवर

उभ्याने वरून फोटो काढला की डोके मोठे, पाय आखूड आणि मागे फक्त फरशी दिसते. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला, म्हणजे गुडघ्यावर बसून किंवा जमिनीवर आडवे होऊन फोटो काढला, की शरीराची ठेवण खरी दिसते. अमेरिकी छायाचित्रकार इलियट अर्विट यांचे १९७४ मधील न्यूयॉर्कचे गाजलेले छायाचित्र याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात एका बाजूला टोपी घातलेला इवलासा चिवावा, मध्ये मालकिणीचे बूट आणि दुसऱ्या बाजूला ग्रेट डेनचे उंच पाय एवढेच दिसते. कॅमेरा जमिनीलगत असल्यामुळेच ती गंमत साधली आहे.

मोबाइल नाकाजवळ नेला तर नाक फुगलेले आणि कान लहान दिसतात. त्यापेक्षा दोन-तीन पावले मागे सरून दुप्पट झूम वापरावा.

प्रकाश आणि फ्लॅश

सकाळचे किंवा संध्याकाळचे कोवळे ऊन, झाडाची सावली, खिडकीजवळची जागा किंवा व्हरांडा येथे सर्वांत चांगला प्रकाश मिळतो. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात.

फ्लॅश शक्यतो बंद ठेवावा. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. त्याच्यामुळे कुत्र्याला अंधुक उजेडातही बरे दिसते. फ्लॅशचा झोत त्याच थरावरून परतून कॅमेऱ्यात येतो आणि डोळे हिरवे-पिवळे चमकतात. शिवाय अचानक पडलेल्या झोताने कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी कॅमेरा पाहताच तोंड फिरवतो.

काळा आणि पांढरा कुत्रा

कॅमेरा समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून उजेड ठरवतो. पांढऱ्या भिंतीपुढे काळा कुत्रा बसला, तर भिंतीचा लखलखाट कमी करण्यासाठी कॅमेरा सगळेच दृश्य गडद करतो आणि कुत्र्याचे डोळेही दिसेनासे होतात. उलट गडद सोफ्यावर पांढरा पॉमेरेनियन बसला, तर चित्र जास्त उजळते आणि केसांचा पोत पुसला जातो.

यावर दोन उपाय आहेत. पार्श्वभूमी फार उजळ किंवा फार गडद नसावी; झाडी, जांभ्या दगडाची भिंत किंवा मातीची वाट चालते. दुसरे म्हणजे, स्क्रीनवर कुत्र्याच्या चेहऱ्याला बोट लावून मग उजेड हाताने कमी-जास्त करावा. काळ्या कुत्र्यावर बाजूने प्रकाश आला तर केसांची चकाकी दिसते आणि चेहऱ्याला उठाव येतो.

धावणारा कुत्रा

धावताना फोटो हलू नये म्हणून शटरचा वेग किमान १/५०० सेकंद ठेवावा. १/१००० असेल तर उत्तम. त्यासाठी भरपूर उजेड लागतो. मोबाइलवर सलग फोटो घेण्याची सोय वापरून त्यांतला एक निवडावा.

कुत्र्याचा कल ओळखावा

फिरून आलेला, थोडा दमलेला कुत्रा शांत बसतो. एखादा नवा आवाज काढला की तो कान टवकारतो. पण तोच आवाज तीन-चारदा काढला की त्याचे कुतूहल संपते, म्हणून आधी कॅमेरा सज्ज करून मगच आवाज काढावा. कुत्रा वारंवार ओठ चाटत असेल, जांभया देत असेल, कान मागे पाडत असेल किंवा मान वळवत असेल, तर तो वैतागला आहे असे समजून थांबावे. त्याला धरून ठेवून काढलेल्या फोटोत त्याची भीतीच दिसते.

ओळखीसाठी चार फोटो

प्रत्येक घरात हे चार फोटो वेगळे जपून ठेवावेत:

- समोरून चेहरा, दोन्ही कान दिसतील असा
- उभा असताना डावी बाजू, शेपटीसह
- उभा असताना उजवी बाजू; ठिपके आणि पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नसतात
- माणसाशेजारी उभा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो

हे फोटो कपडे न घालता आणि कोणताही फिल्टर न वापरता काढावेत. गळ्यातला पट्टा निसटू शकतो, म्हणून निदान एक फोटो पट्ट्याशिवाय असावा. कानाची खाच, पायावरचा व्रण अशा खुणांचे जवळून फोटो घ्यावेत. मात्र त्यांतली एक खूण जाहीर करू नये. कुत्रा सापडल्याचा फोन आला, तर तीच खूण विचारून खातरजमा करता येते.

पिल्लाचे रूप झपाट्याने बदलते, त्यामुळे त्याचे हे फोटो दर महिन्याला नव्याने काढावेत. मोठ्या कुत्र्याचे वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी काढले तरी पुरेसे आहे.