टेम्पल चर्च : धर्मयोद्ध्यांची वास्तू, वकिलांची राखण

लंडनचा फ्लीट स्ट्रीट एकेकाळी वृत्तपत्रांचा रस्ता म्हणून ओळखला जाई. या रस्त्यावरून एका अरुंद बोळात शिरले की वाहनांचा कोलाहल मागे पडतो आणि समोर एक वर्तुळाकार दगडी वास्तू दिसते. हेच टेम्पल चर्च. 'नाइट्स टेम्पलर' या मध्ययुगीन लढवय्या धर्मसंघाने ते बाराव्या शतकात उभारले. संघ लयाला जाऊन सातशे वर्षे उलटली. चर्चमधील उपासना मात्र आजही सुरू आहे. ते कसे टिकले, याची हकीकत त्याच्या उभारणीइतकीच उद्बोधक आहे.

जेरुसलेमची आठवण

पहिल्या धर्मयुद्धानंतर, जेरुसलेमला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूंच्या रक्षणासाठी १११९च्या सुमारास हा संघ स्थापन झाला. संन्याशाची व्रते घेऊन तलवार चालवणारे हे योद्धे पुढे विपुल देणग्यांमुळे श्रीमंत झाले. राजेही आपला खजिना त्यांच्याकडे ठेवीत. लंडनमधील आपल्या ठाण्यात त्यांनी बांधलेले चर्च जेरुसलेममधील येशूच्या समाधिस्थानावरील चर्चच्या धर्तीवर गोलाकार आहे. त्याचा व्यास ५५ फूट असून जेरुसलेमचे धर्मप्रमुख हेराक्लियस यांच्या हस्ते १० फेब्रुवारी ११८५ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. पूर्वेकडील लांबट दालन १२४० साली पूर्ण झाले.

जानेवारी १२१५मध्ये बंडखोर सरदारांनी जॉन राजापुढे आपल्या मागण्या मांडल्या, त्या याच परिसरात. त्याच वर्षी जूनमध्ये 'मॅग्ना कार्टा' ही सुप्रसिद्ध सनद साकारली. या वाटाघाटींतील एक प्रमुख मध्यस्थ विल्यम मार्शल याचे दफन १२१९ साली या चर्चमध्ये झाले. त्याची आणि इतर सरदारांची पहुडलेली दगडी शिल्पे गोल दालनात आजही पाहावयास मिळतात.

सनदेतील अट

फ्रान्सच्या राजाने १३०७ साली टेम्पलरांची धरपकड केली आणि १३१२मध्ये पोपने संघ बरखास्त केला. लंडनमधील मालमत्ता 'हॉस्पिटलर' या दुसऱ्या धर्मसंघाकडे गेली. त्यांनी ती कायद्याच्या अभ्यासकांना भाड्याने दिली. त्यांतूनच 'इनर टेम्पल' व 'मिडल टेम्पल' या बॅरिस्टरांच्या संस्था उदयास आल्या. आठव्या हेन्रीने १५४० साली हॉस्पिटलरांचा संघही मोडून मालमत्ता ताब्यात घेतली. अखेर १६०८ साली पहिल्या जेम्स राजाने ही जागा सनदेने दोन्ही संस्थांना कायमची दिली. अट एकच : चर्चची देखभाल आणि तेथील उपासना त्यांनी अखंड चालवावी. ही जबाबदारी दोन्ही संस्था आजतागायत संयुक्तपणे पार पाडीत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हे मिडल टेम्पलचे, तर महात्मा गांधी इनर टेम्पलचे बॅरिस्टर होते.

जीर्णोद्धाराचा विरोधाभास

देखभाल म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मात्र प्रत्येक शतकाने वेगळे दिले. १६६६च्या भीषण आगीतून चर्च बचावले. त्यानंतर ख्रिस्तोफर रेन या ख्यातनाम वास्तुविशारदाने अंतर्भाग नव्या अभिरुचीनुसार सजवला आणि वेदीमागे कोरीव लाकडी पडदी उभारली. १८४०च्या दशकातील जीर्णोद्धारकांना मध्ययुगीन रूप परत आणावयाचे होते. त्यांनी रेनची सजावट काढून टाकली आणि भिंती-छते रंगवली. पडदी कालांतराने इंग्लंडच्या उत्तरेकडील बोज संग्रहालयात पोहोचली.

१० मे १९४१च्या रात्री जर्मन विमानांनी टाकलेल्या आगलावू बॉम्बनी छत पेटले. ऑर्गन आणि लाकूडकाम जळून खाक झाले, शिल्पांची हानी झाली. लांबट दालनातील पर्बेक दगडाचे स्तंभ उष्णतेने तडकले. एकोणिसाव्या शतकातील रंगकामही नष्ट झाले. बाहेर काढलेली रेनची पडदी तेवढी दूर असल्यामुळे सुखरूप राहिली!

पुनर्बांधणीचे काम वॉल्टर गॉडफ्रे यांच्याकडे आले. तडकलेले स्तंभ बदलणे अपरिहार्य होते. मूळ स्तंभ किंचित बाहेर झुकलेले होते; नवे स्तंभही तसेच झुकते उभारण्यात आले. रेनची पडदी परत आणून मूळ जागी बसवली गेली. लांबट दालन १९५४ साली, तर गोल दालन १९५८ साली पुन्हा उपासनेसाठी खुले झाले.

'द दा विंची कोड' या २००३च्या कादंबरीने आणि २००६च्या चित्रपटाने येथे पर्यटकांची गर्दी वाढवली. मात्र या वास्तूचे खरे रहस्य गुप्त संकेतांत नाही. मालक बदलले, धर्मव्यवस्था बदलली, अभिरुचीही बदलली. तरी ती सांभाळण्याचे दायित्व चारशेहून अधिक वर्षे कोणा ना कोणाच्या शिरावर निश्चित राहिले. आज तेथे बाराव्या शतकाच्या भिंती, सतराव्या शतकाची पडदी आणि विसाव्या शतकाचे स्तंभ एका छताखाली नांदत आहेत. जुन्या वास्तूचे कोणते शतक जपायचे आणि कोणते पुसायचे, हा प्रश्न प्रत्येक जीर्णोद्धारापुढे असतो. घाईने पुसलेले पुन्हा मिळेलच असे नाही, हे त्या परत आलेल्या पडदीकडे पाहून कळते.