मुळा-मुठा नदीकाठ चळवळ

मुळा-मुठा नदीकाठ चळवळ म्हणजे पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या नद्यांचे काठ नैसर्गिक स्थितीत राहावेत व ते पायी चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना खुले असावेत, यासाठी नागरिकांनी व स्वयंसेवी संस्थांनी चालविलेले प्रयत्न होत. या चळवळीला एक नेता वा एक संघटना नाही. काठावर वाट हवी, याविषयी महापालिका आणि आंदोलक यांच्यात दुमत नाही. वाटेसाठी नदीने जागा सोडावी की नदीचा स्वभाव पाहून वाट आखावी, हा वादाचा खरा मुद्दा आहे.

== पार्श्वभूमी ==

मुठा नदी खडकवासला धरणातून शहरात येते आणि संगमवाडीजवळ मुळेला मिळते. तेथून पुढे मुळा-मुठा या जोडनावाने वाहणारा प्रवाह भीमेला जाऊन मिळतो. पुणे महापालिकेच्या प्रकल्प-आराखड्यात या काठांची लांबी मुळा २२.२ किमी, मुठा १०.४ किमी आणि मुळा-मुठा ११.८ किमी, म्हणजे एकूण ४४.४ किमी धरली आहे.

मुठेच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर ही चार धरणे आहेत. त्यामुळे वर्षातील बहुतेक काळ शहरातील पात्रात सांडपाणीच अधिक दिसते, तर पावसाळ्यात विसर्ग वाढला की हेच पात्र काही तासांत भरते. डेक्कन परिसरातील बाबा भिडे पूल अशा वेळी पाण्याखाली जातो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून झालेला विध्वंस शहराच्या स्मृतीत आजही ताजा आहे. पुण्यातील नदीकाठाची कोणतीही चर्चा पुराला वगळून होऊ शकत नाही, ती यामुळेच.

सायकलींचे शहर हे पुण्याचे जुने बिरुद दुचाकी वाहनांच्या गर्दीत केव्हाच मागे पडले. महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला; त्यात आठशेहून अधिक किलोमीटर मार्गांचे जाळे प्रस्तावित होते. वाहनांपासून दूर, जवळजवळ सपाट आणि सलग अशी जागा शहरात शोधू गेल्यास नजर साहजिकच नदीकाठाकडे वळते.

== पूररेषा आणि पात्रातील बांधकामे ==

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र बांधकामास निषिद्ध असून दोन रेषांमधील क्षेत्रात नियंत्रित वापरास मुभा असते.

या रेषांना न्यायालयीन लढ्यात महत्त्व आले ते विठ्ठलवाडीपासून महामार्गाच्या दिशेने मुठेच्या पात्रालगत आखलेल्या रस्त्यामुळे. वास्तुविशारद सारंग यादवाडकर व इतरांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१३ मध्ये निर्णय दिला. निळ्या रेषेच्या आतील भराव टाळून रस्त्याची आखणी बदलावी किंवा तो उन्नत करावा, असा त्याचा आशय होता. २०१६ मध्ये पात्रालगतच्या मेट्रो मार्गालाही आव्हान देण्यात आले. त्या अर्जदारांत अनु आगा, आरती किर्लोस्कर, दिलीप पाडगावकर व यादवाडकर यांचा समावेश होता. मेट्रो मात्र नियोजित मार्गानेच झाली.

== काठावरील काम ==

न्यायालयाबाहेरचे काम अधिक संथ आणि अधिक लोकांना सामावून घेणारे आहे. जीवितनदी या संस्थेने विठ्ठलवाडी तसेच मुळा-राम संगमाजवळ नदीकाठाचे तुकडे दत्तक घेऊन तेथे स्वच्छता, देशी झाडांची ओळख आणि नदीफेऱ्या असे उपक्रम चालविले. अशा फेरीत शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत लोक काठाने चालतात. वाळुंज, करंज, उंबर ही काठावरची झाडे व पाण्यातले पक्षी पाहतात, आणि राडारोडा कोठे टाकला आहे तेही पाहतात. अभियांत्रिकीचे नकाशे समजावून सांगण्यापेक्षा हा मार्ग परिणामकारक ठरला, असे म्हणण्यास जागा आहे.

== नदीकाठ सुधार योजना ==

एकाच नदीवरील दोन योजनांची नेहमी गल्लत होते. नदी सुधार योजना ही जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या अर्थसाहाय्याने सांडपाणी शुद्धीकरणासाठी आहे. तिचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला व तीत ११ शुद्धीकरण केंद्रे योजिली आहेत. नदीकाठ सुधार योजना वेगळी असून तिचा आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या सल्लागार संस्थेने केला. तिचा अंदाजित खर्च सुमारे ४,७२७ कोटी रुपये सांगितला गेला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ६ मार्च २०२२ रोजी मुळा-मुठेच्या कामाची पायाभरणी केली आणि काठाचे काम प्रथम बंडगार्डन परिसरात सुरू झाले.

योजनेत सलग पदपथ, सायकलमार्ग, बागा व घाट आहेत. काठ सर्वांसाठी खुले झाले की अतिक्रमणे व राडारोडा थांबेल आणि बांधामुळे वस्त्यांचे पुरापासून रक्षण होईल, अशी महापालिकेची भूमिका आहे. वृद्ध व अपंग व्यक्तींना पक्क्या, समतल वाटेचा उपयोग होतो, हेही नाकारता येत नाही.

आंदोलकांचे आक्षेप मुख्यतः बांधांवर आहेत. भराव घालून काठ उभे केल्यास पुराची जागा आक्रसते आणि पाण्याची पातळी चढते. काठावरचा ओलसर पट्टा व त्यातील जीवसृष्टी नष्ट होते. सांडपाणी पूर्ण रोखण्याआधी सुशोभीकरण करणे हा क्रमच उलटा आहे. या योजनेची तुलना ज्या साबरमतीशी होते, तेथे शहरातील प्रवाहाची रुंदी २६३ मीटर एकसारखी करण्यात आली व पाणी मुख्यतः नर्मदा कालव्यातून येते. मुठेवर मात्र वर चार धरणे आहेत आणि त्यांचे विसर्ग शहराला झेलावे लागतात. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा या आक्षेपांची पुन्हा चर्चा झाली.

२९ एप्रिल २०२३ रोजी वृक्षतोडीविरोधात पुण्यात ‘चिपको’ मोर्चा निघाला. त्यात मोठ्या संख्येने नागरिक सहभागी झाले. बाधित झाडांचे पुनर्रोपण करू, असे महापालिकेचे म्हणणे होते. जुन्या काठावरच्या झाडांची जागा अन्यत्र लावलेली रोपे घेऊ शकत नाहीत, असे आंदोलकांचे उत्तर होते.

== पर्यायी वाट ==

नदीच्या मूळ उतारावर, भिंत न बांधता, पाणी मुरेल अशी मुरमाची पायवाट असावी. ती पुरात बुडाली तरी चालेल व पूर ओसरल्यावर थोड्या खर्चात पुन्हा वापरता येईल, अशा धाटणीचा पर्याय या चर्चेत पुढे येतो. सायकलमार्ग शक्य तेथे लाल रेषेबाहेर किंवा उपलब्ध रस्त्यालगत न्यावा, जेणेकरून झाडांचा पट्टा अखंड राहील. अशा वाटेला जागोजागी खंड पडतो, तेथे नदी सोडून गल्लीतून जावे लागते, आणि पावसाळ्यात ती काही दिवस बंद ठेवावी लागते.