ब्रिक्सेनचे गरुडांकित चॅझ्युबल
ब्रिक्सेनचे गरुडांकित चॅझ्युबल हे इ.स. १००० च्या सुमाराच्या बायझेंटाइन रेशमाचे लॅटिन धर्मवस्त्र आहे. मिस्सेच्या वेळी कॅथलिक धर्मगुरू इतर वस्त्रांवर जो बिनबाह्यांचा घोळदार झगा घालतात, त्यास चॅझ्युबल म्हणतात. या जांभळ्या रेशमात चोचीत कडी धरलेल्या मोठ्या गरुडांच्या ओळी विणलेल्या आहेत. गरुड व जांभळा रंग ही सम्राटपदाची चिन्हे होत. अशा उंची रेशमाच्या निर्यातीवर कॉन्स्टँटिनोपलमध्ये निर्बंध होते. इ.स. ९६८ मध्ये राजदूत म्हणून तेथे गेलेले क्रेमोनाचे बिशप ल्युटप्रांड यांनी मिळवलेली जांभळी वस्त्रे अधिकाऱ्यांनी जप्त केली. त्यामुळे पश्चिमेकडील चर्चमध्ये असे कापड मुख्यतः राजकीय भेटींतून पोहोचत असे. परंपरेने संत अल्बुइन यांचे मानले जाणारे हे वस्त्र इटलीतील ब्रिक्सेन येथे जतन केलेले आहे.