कलम गेलं, शब्द राहिला

चारशेवीस नंबरचं कलम आता आपल्या मुख्य फौजदारी कायद्यात नाहीच! १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुनीत ५११ कलमं होती, नवीत ३५८. फसवणूक आता ३१८ मध्ये. पण "तो ना, पक्का तीनशेअठरा आहे" असं कोणाच्या तोंडून ऐकलंय? शक्यच नाही. तो चारसोबीसच! १८६० च्या कायद्यातला आकडा राज कपूरने १९५५ मध्ये 'श्री ४२०' च्या नावात नेला, १९९७ मध्ये 'चाची ४२०' आला. आता खाली कलम नसलं तरी शब्द स्वतःच्या पायावर उभा आहे.

कोर्ट आणि तुरुंगाकडचे शब्द असे हळूच घरात शिरतात. आमच्याकडे दूध सांडणारं मांजर 'तडीपार' होतं. हा शब्द गावगप्पांतला नव्हे, १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याने माणसाला जिल्ह्याबाहेर घालवतात तो. माहेरी आलेली बहीण 'पॅरोलवर' असते. तुरुंगाची हवा, बिनभाड्याची खोली, खडी फोडायला जाणं... सगळं हसतखेळत.

यातला सर्वात लांबचा प्रवास 'काळ्या पाण्या'चा. मुळात हा शब्द समुद्राचा. तो ओलांडला की जात जाते ही भीती. सत्तावन्नच्या उठावानंतर मार्च १८५८ मध्ये कैद्यांची पहिली तुकडी अंदमानात उतरवली, आणि समुद्राचं नाव शिक्षेला मिळालं. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं गेलं. दर कैद्याला वेगळी कोठडी, म्हणजे शेजारच्याशी बोलणंही मुश्किल. सावरकर तिथे १९११ मध्ये पोचले. तिथे तेलाच्या घाण्याला माणसं जुंपत. घाण्याचा बैल हा वाक्प्रचार काही तुरुंगातून आलेला नाही; तुरुंगाने तो अक्षरशः खरा करून दाखवला. १९५५ च्या दुरुस्तीने काळ्या पाण्याची शिक्षा कायद्यातूनही गेली. पण आडगावी बदली झालेला कारकून आजही म्हणतो, "मला काळ्या पाण्यावर पाठवलंय."

अगदी अलीकडचं उदाहरण तर आपण सगळ्यांनी भोगलंय. लॉकडाऊन! अमेरिकेतल्या तुरुंगांत १९७० च्या दशकात हा शब्द रुळला. दंगा झाला की कैद्यांना कोठड्यांत कोंडायचं, त्याला म्हणायचं लॉकडाऊन. मार्च २०२० मध्ये तो आपल्या दारात आला. मराठीने त्याला 'टाळेबंदी' म्हटलं, जो तोवर गिरण्या-कारखान्यांचा शब्द होता.

एक शब्द मात्र आमच्या घरात उलट वाटेने आला. आजोबा बेचाळीसच्या चळवळीत दीड वर्ष आत होते. तुरुंगात घरच्यांच्या भेटीला 'मुलाखत' म्हणतात. आजीला त्या काळात तीनच मुलाखती मिळाल्या. तिसरीला काकाला कडेवर घेऊन गेली, तर तो बापाला ओळखेचना. पुढे याच काकाला नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. सगळे खूश, आजी मात्र म्हणाली, "किती वेळ देतात रे?" आम्ही लहानपणी हा किस्सा विनोद म्हणून ऐकायचो. आजी त्यावर कधी हसल्याचं मला आठवत नाही.

म्हणून हे शब्द वापरू नयेत, असं मी म्हणणार नाही. भाषा अशीच वाढते, आणि भीतीची वस्तू थट्टेत आणली की ती जरा सुसह्य होते. पण कुठले शब्द भिंतीबाहेर येतात आणि कुठले आतच राहतात, तेही बघायला हवं. 'कच्चा कैदी' हा शब्द कधी आपल्या बोलण्यात येत नाही. कच्चा म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही, दोष सिद्ध झालेला नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे. चारातले तीन! ज्यांच्यामुळे तुरुंग भरलेत, त्यांचाच शब्द बाहेर आलेला नाही.

लहानपणी आपल्या खेळात 'कच्चं लिंबू' असायचं, आठवतंय? ते पकडलं गेलं तरी त्याच्यावर राज्य येत नसे. कच्च्या कैद्यावर मात्र डाव संपायच्या आधीच राज्य आलेलं असतं.