सहा जणींचा खेळ

चेंडू हातीं आला कीं तो जमिनीवर दोनदांच आपटावयाचा. तेवढ्यांत नेम धरून तो टोपलींत टाकावयाचा, नाहीं तर मैत्रिणीकडे फेकावयाचा. क्रीडांगणाच्या मध्यावर एक रेघ आंखलेली आहे, ती कोणत्याहि परिस्थितींत ओलांडावयाची नाहीं. रेघेच्या एका अंगास संघांतील तिघी चढाई करणाऱ्या, दुसऱ्या अंगास तिघी राखण करणाऱ्या. चढाई करणारींनीं गुण मिळवावे, राखण करणारींनीं प्रतिपक्षाचे गुण अडवावे. आणि राखण करणारीनें चेंडू हिसकावून घेतला, तरी तो रेघेपलीकडच्या सखीच्या हातीं पोंचवून आपण अलीकडेच उभें राहावें. अमेरिकेच्या मध्यभागीं मक्याच्या शेतांनीं व्यापलेलें आयोवा नांवाचें राज्य आहे. तेथील हायस्कुलांतील मुली या नियमांनीं १९९३ पर्यंत बास्केटबॉल खेळत होत्या. राखणीस नेमलेली मुलगी सारीं शालेय वर्षें इमानानें खेळे, आणि एकाहि सामन्यांत टोपलीकडे चेंडू न फेकतां शाळेचा निरोप घेई, असें तेथें सहज घडे.

ही रेघ कोणीं आंखली, कां आंखली, आणि अखेर कोणीं पुसली, हा इतिहास वरवर पाहतां एका खेळाचा आहे. परंतु मुलींचें हित कशांत आहे हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा जो प्रश्न स्त्रीशिक्षणाच्या प्रारंभापासून सर्वच समाजांपुढें उभा आहे, त्याचें एक प्रकरण या खेळाच्या निमित्तानें लिहिलें गेलें आहे. तें वाचण्यासारखें आहे. कारण त्यांत ज्यांना आपण सहज सुधारक म्हणूं त्यांनीं खेळ बंद करूं पाहिला, आणि ज्यांच्याकडून कोणीं फारशी अपेक्षा केली नसती अशा खेड्यांतील हेडमास्तरांनीं तो वांचविला.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें झाला. हिंवाळ्यांत बंद दालनांत तरुणांना खेळतां यावें म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला अडकविल्या आणि थोडे नियम लिहून काढले. तेथून फार दूर नसलेल्या नॉर्थॅम्प्टन गांवीं स्मिथ कॉलेज हें मुलींचें विद्यालय होतें. तेथें नुकत्याच रुजू झालेल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनीं हा खेळ लागलीच आपल्या विद्यार्थिनींना दिला. १८९३ च्या मार्च महिन्यांत पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींत सामना झाला, तेव्हां पुरुषांस आंत प्रवेश नव्हता. आपल्याकडील मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्या वाचक भगिनींस यांत नवल वाटणार नाहीं. पुरुषांची नजर नसली म्हणजे बायकांचा आवाज किती मोकळा होतो, हें त्यांस निराळें सांगावयास नको.

क्रीडांगणाचे भाग पाडण्याची कल्पना बेरेन्सनबाईंची. त्यांनीं तीन भाग केले. प्रत्येकीनें आपल्याच भागांत राहावयाचें. दुसरीच्या हातांतून चेंडू ओढून घ्यावयाचा नाहीं. तीन सेकंदांहून अधिक तो जवळ ठेवावयाचा नाहीं. आज कोणी या नियमांस हंसेल, पण त्यांच्याशीं न्यायानें वागलें पाहिजे. बाई स्वतः लहानपणापासून अशक्त होत्या. बॉस्टनच्या व्यायामशाळेंत त्यांची प्रकृति सुधारली, आणि तो लाभ इतरींस द्यावा हें त्यांनीं जीवितकार्य मानलें. धांवणें, उड्या मारणें हें स्त्रीच्या देहास घातक आहे असें डॉक्टर व पालक म्हणत असतां, मर्यादा घातल्यावांचून खेळच मिळाला नसता. शिवाय एकाच चपळ मुलीनें सारा खेळ व्यापूं नये, सर्वांच्या वांट्यास चेंडू यावा, हाहि त्यांचा हेतु होता. रेघ जन्मास आली ती अशी. ती कोंडण्यासाठीं नव्हती. खेळूं देण्यासाठीं काढलेली ती एक तडजोड होती.

खेळ कॉलेजांतून हायस्कुलांत आणि हायस्कुलांतून खेड्यापाड्यांत झपाट्यानें पसरला. तिकीट लावून सामने होऊं लागले, मुली परगांवीं जाऊं लागल्या, शिकवावयास बहुधा पुरुष असत. याची धास्ती घेणारे केवळ जुन्या मतांचे लोक नव्हते. १९२३ सालीं वॉशिंग्टन येथें स्त्रियांच्या व्यायामाविषयीं एक परिषद भरली. तिच्या प्रमुख लू हेन्री हूव्हर या होत्या. त्या भूगर्भशास्त्राच्या पदवीधर होत्या, आणि पुढें अध्यक्षपत्नी झाल्या. तेथें जमलेल्या व्यायामशिक्षिकांचें म्हणणें असें होतें कीं, थोड्या निवडक मुलींनीं गर्दीपुढें झुंजावें आणि बाकीच्यांनीं बाजूस बसून पाहावें हें शिक्षण नव्हे. प्रत्येक मुलीस खेळ मिळाला पाहिजे, आणि तिच्या खेळावर दुसऱ्या कोणाचें उत्पन्न चालतां कामा नये. मुद्दा पोकळ नव्हता. पुरुषांच्या खेळांत पैशानें काय अनर्थ केला, हें त्या डोळ्यांनीं पाहत होत्या. परंतु या विचाराचें फळ असें झालें कीं, देशभर एकामागून एक शाळेनें मुलींचे आंतरशालेय सामने बंद केले. 'प्रत्येक मुलीस खेळ' हें ध्येय कागदावर राहिलें, आणि जिला खेळ मिळत होता तिच्याहि हातांतून चेंडू गेला.

योगायोग असा कीं हूव्हरबाईंचा जन्म आयोवांतलाच, वॉटर्लू गांवचा. आणि त्यांच्या मताविरुद्ध बंड उठलें तें त्याच राज्यांत. तेथें १९२० सालीं डेमॉइन शहरीं मुलींची पहिली राज्यस्पर्धा झाली होती, व करेक्शनव्हिल नांवाच्या लहानशा गांवानें ती जिंकली होती. पांच वर्षांनीं, १९२५ मध्यें, राज्याच्या हायस्कूल क्रीडामंडळानें मुलींच्या स्पर्धेवरील आपलें छत्र काढून घेण्याचें ठरविलें. सभा शाळाप्रमुखांची, म्हणजे पुरुषांचीच होती. विरोध करणारे मूठभर निघाले आणि ते बहुतेक लहान गांवांचे होते. मुलींचा बास्केटबॉल बंद करूं पाहणें म्हणजे रुळांवर उभें राहून आगगाडी अंगावर घेण्यासारखें आहे, असें त्यांतील जॉन अ‍ॅगन्स या गृहस्थानें बजावलें. लगेच या अल्पसंख्याकांनीं केवळ मुलींच्या खेळासाठीं निराळी संघटना उभी केली. अमेरिकेंत इतरत्र असें कोठें झालें नाहीं.

या हेडमास्तरांस थोर सुधारक ठरविण्याचें कारण नाहीं. तिकिटांचा पैसा शाळेस हवा होता. शेजारच्या गांवास हरविण्याची हौस होतीच. आणि लहान शाळेंत मुलांचा फुटबॉल-संघ जमविणें कठीण, पण सहा मुली सहज मिळत. तरीहि आणखी एक कारण होतें, आणि माझ्या मतें तेंच मुख्य. ज्या घरांतील मुलगी पहांटे उठून धारा काढते आणि सुगीच्या दिवसांत बापाबरोबर राबते, तिला 'तुझी प्रकृति धांवण्याजोगी नाहीं' असें सांगितलें तर तें तिच्या बापास तरी कसें पटावें? नाजूकपणाचा सिद्धांत शहरांतील दिवाणखान्यांत वाढला होता. गोठ्यांत त्याला मूळ धरतां आलें नाहीं. म्हणूनच आयोवांतहि मोठ्या शहरांतील बहुतेक शाळांनीं मुलींचे संघ मोडले, आणि खेड्यांनीं ते जपले.

पुढें तीन भागांचे दोन झाले, आणि खेळ वर सांगितलेल्या रूपांत स्थिर झाला. शेतें बर्फाखालीं गेलीं कीं सारा गांव शाळेच्या दालनांत लोटे. मुलींचा सामना पाहावयास दुकानें बंद करून लोक परगांवीं जात. १९५५ पासून डेमॉइनच्या मोठ्या सभागृहांत अंतिम सामने होऊं लागले, आणि पंधरा हजारांच्या आंतबाहेर प्रेक्षक तेथें बसूं लागले. १९६८ सालचा अंतिम सामना आजहि तेथें सांगितला जातो. युनियन-व्हिटनच्या शाळेनें एव्हर्लीच्या शाळेस जादा वेळांत ११३ विरुद्ध १०७ अशा गुणांनीं हरविलें. विजयी पक्षाच्या डेनिस लाँगनें ६४ गुण केले, आणि पराभूत पक्षाच्या जनेट ओल्सननें एकटीनें ७६! एकीनें सारा खेळ व्यापूं नये म्हणून जे विभाग पाडले गेले, त्यांच्याच कुशींत हा पराक्रम जन्मास आला. कारण सहांतील तिघींसच टोपलीकडे चेंडू टाकण्याचा अधिकार उरला होता. नियम करणाराचा हेतु आणि नियमाची परिणति यांची अशी ताटातूट इतिहासाच्या अभ्यासकास वारंवार पाहावी लागते.

पण त्या २२० गुणांच्या हिशेबांत रेघेपलीकडच्या सहा राखणदारणींचें नांव कोठेंच नाहीं. त्यांनीं त्या रात्रीं किती चेंडू अडविले, हें गुणफलकास ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या वर्षीं, १९६९ मध्यें, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका व्यावसायिक पुरुषसंघानें डेनिस लाँगची निवड जाहीर केली. तेथील क्रीडामंडळाच्या प्रमुखानें ती रद्द ठरविली. १९७१ मध्यें कॉलेजांतील मुलींचा खेळ पांच जणींचा व सबंध क्रीडांगणाचा झाला. १९७२ मध्यें सरकारी पैसा घेणाऱ्या विद्यालयांत स्त्रीपुरुषभेदास बंदी घालणारा कायदा आला, आणि शाळांतील संघ खेळले म्हणून मुलींस कॉलेजांत शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. तेव्हां जुन्या रेघेचा अर्थ एकाएकीं बदलला. जिनें चार वर्षें केवळ राखण केली, तिला कॉलेजनें काय म्हणून घ्यावें? १९८३ सालीं आयोवांतील तीन मुलींनीं या नियमांविरुद्ध न्यायालयाचें दार ठोठावलें. १९८४-८५ पासून पांच जणींचा खेळहि सुरू झाला, आणि १९९३ च्या मार्चमध्यें सहा जणींची शेवटची राज्यस्पर्धा झाली. ओक्लाहोमा राज्यानें आणखी दोन वर्षें तो खेळ राखला; मग तो देशांतूनच गेला.

ज्यांचीं आयुष्यें त्या खेळानें उजळलीं होतीं अशा आज्या हळहळल्या. त्यांची हळहळ खोटी नव्हती. खेळाबरोबर गांवेंहि ओसरलीं होतीं. युनियन-व्हिटनची शाळा आसपासच्या शाळांत विलीन झाली, आणि त्या पांच गांवांच्या संयुक्त नांवांत तिचीं आतां दोन आद्याक्षरें उरलीं आहेत.

तरीहि रेघ पुसली हें योग्यच झालें, असें मला वाटतें. १८९३ मध्यें ती रेघ खेळाचें दार होती, १९२५ नंतर खेळाचें कुंपण झाली, आणि १९८३ पर्यंत तिची भिंत बनली होती. रेघ तीच होती. मुलगी पुढें गेली होती. बेरेन्सनबाई, हूव्हरबाई आणि ते हेडमास्तर, या सर्वांनीं मुलींचें हितच चिंतिलें. परंतु नव्वद वर्षें त्या हिताची चर्चा झाली, तींत रेघेच्या आंत उभ्या असलेल्या मुलीस तिचें मत कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं. तें प्रथम सांगितलें त्या तिघींनीं, न विचारतां. आपल्या घरांतहि मुलींच्या काळजीपोटीं आपण अनेक रेघा ओढल्या आहेत, आणि त्यांतील कित्येक ओढतेवेळीं योग्यहि असतील. त्या आज दार आहेत कीं भिंत, हें मात्र ओढणारास दिसत नाहीं. तें पलीकडे उभी असलेलीच सांगूं शकते.