करेल

करेल : खांदे, मनगटे, छाती व पाठ यांच्या व्यायामाचे तालमीतील लाकडी साधन. दोन हातांत दोन घेऊन फिरवितात, म्हणून त्यास ‘जोडी’ असेही म्हणतात. करेल मुठीशी बारीक व टोकाकडे जाड असतो. भार टोकाशी असल्याने तो नुसत्या जोराने पेलत नाही. डोक्यामागून व बाजूंनी लयीत घुमवावा लागतो. त्यामुळे खांद्याचा सांधा मोकळा होतो व मनगटाची पकड वाढते. मल्लांनी कुस्तीस पूरक म्हणून तो जोपासला.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी हा व्यायाम इंग्लंडला नेला. १८६६ मध्ये सिम केहो यांचे त्यावरील पुस्तक न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्यांनी करेल हलका केला व कवायतीत आणला. सेंट लूइस (१९०४) व लॉस अँजेल्स (१९३२) येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याची स्पर्धा होती. दोन्ही वेळी तिन्ही पदके अमेरिकनांनी मिळविली. पुढे तालबद्ध जिम्नॅस्टिक्समध्येही त्याचे हलके रूप रूढ झाले. मूळचा वजनदार करेल मात्र तालमीतच राहिला.